इस्रोच्या अध्यक्षांना, लातूरच्या एका टँकरवाल्याकडून

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो),
अंतरिक्ष भवन, बंगळुरू.

विषय : कक्षेतल्या यानात इंधन भरण्याच्या प्रयोगाची तारीख ठरवणेबाबत.

महोदय,

सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढली, त्यामुळं विषय लिहिल्याशिवाय पेन पुढं सरकत नाही. मी पाणीपुरवठ्याकडचा निवृत्त कनिष्ठ अभियंता. नोकरी बहुतेक लातूर जिल्ह्यात, मधली काही वर्षं बीड आणि धाराशिवकडं. हुद्दा कागदावर राहिला, गावोगावचे लोक मला 'टँकरवाले साहेब' म्हणायचे. फेब्रुवारी लागला की मला दुसरं कामच नसायचं. कुठल्या गावाला किती खेपा, उद्भव कुठला, विहीर अधिग्रहणाचा कागद निघाला का, टँकर नेमका कुठल्या ओढ्यात रुतलाय. रॉकेटमधलं मला जेवढं कळतं ते वाचून आणि मोबाइलवर बघून. पण एका टाकीतलं द्रव दूरच्या दुसऱ्या टाकीत, न सांडता आणि मोजून, कसं पोचवायचं यात माझी हयात गेली. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय. मराठीत लिहितोय. आपल्या कार्यालयात कुणीतरी मराठी माणूस निघेलच, त्यानं वाचून दाखवावं.

१६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सचे, म्हणजे कक्षेत याना-यानांची जोडणी करून बघायच्या आपल्या प्रयोगाचे, दोन उपग्रह वर जोडले गेले. प्रत्येकी २२० किलोचे, जमिनीपासून सुमारे ४७५ किलोमीटर उंचीवर. दोघंही सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं पळतायत आणि एकमेकांकडं सरकण्याचा वेग ठेवलाय सेकंदाला १० मिलिमीटर. मुंगीसुद्धा याहून घाईत असते. सगळ्या वाहिन्या 'भारत जगातला चौथा देश' म्हणून ओरडत होत्या तेव्हा मी इस्रोनं दिलेल्या माहितीतल्या एका साध्या ओळीवर अडकून बसलो होतो. जोडणीची यंत्रणा दोन्ही उपग्रहांवर सारखीच आहे, असं तिथं लिहिलं होतं. म्हणजे आमच्या भाषेत मेल-फिमेल भानगडच नाही. कोणीही कोणाला जोडावं.

हे वाचून मी उठून बसलो, त्याचं कारण सांगतो.

२०१३ च्या दुष्काळात आमच्याकडं बाहेरून काही टँकर आले. कुणी पाठवले, कुठून पाठवले, त्यात आता जायला नको. टँकर चांगले होते, फक्त त्यांच्या नळीच्या टोकाच्या कपलिंगचे आटे आमच्या गावटाक्यांच्या तोंडाला बसेनात. अर्ध्या इंचाचासुद्धा फरक नव्हता, आटे निराळे एवढंच. बारा हजार लिटर पाणी गावात येऊन उभं, टाकी रिकामी, घागरींची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत, आणि मी आणि ड्रायव्हर पाना घेऊन एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. शेवटी सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या आवळल्या आणि पाणी सोडलं. जोडातून एवढी धार लागली की बायकांनी जोडाखालीच हंडे मांडले. एक म्हातारी म्हणाली, "साहेब, टाकीत कशाला सोडता, हितंच बरंय की." त्या उन्हाळ्यात मी महिनाभर वरिष्ठांना पत्रं पाठवत होतो, एकाच मापाचं कपलिंग ठरवा म्हणून. उत्तर आलं पाऊस पडल्यावर.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं, की सगळ्या पाणीवाटपाचा जीव टाकीत नसतो, जोडात असतो. जोड आणि कॉक.

आपल्यालाही हे ठाऊक आहे. २९ जानेवारी २०२५ ला, स्पेडेक्सच्या आनंदाला दोन आठवडे होत नाहीत तोच, श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं. रॉकेटनं एनव्हीएस-०२ हा दिशादर्शनाचा उपग्रह बरोबर सोडला. टाक्या भरलेल्या होत्या. पण कक्षा उंचावण्यासाठी इंजिन पेटवायचं, त्याला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारं दुसरं द्रव, सोडणारे व्हॉल्व्हच उघडले नाहीत. उपग्रह ठरल्या जागी पोचला नाही. त्या दिवशी देशात किती लोक हळहळले असतील मला माहीत नाही, पण लातुरात एक निवृत्त माणूस जेवणावरून उठला होता. टाकी भरलेली आणि कॉक बंद, हे दुःख मी जवळून बघितलेलं आहे.

आता मुद्द्यावर येतो.

मंगळयान निघालं ५ नोव्हेंबर २०१३ ला. वजन १,३३७ किलो, त्यात ८५२ किलो नुसतं इंधन. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान मंगळाभोवती आठ वर्षं चाललं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इस्रोनं सांगितलं की संपर्क तुटलाय आणि इंधन संपलं असावं. चांद्रयान-३ चं घ्या. एलव्हीएम-३ रॉकेट उडताना ६४० टनांचं. त्यानं चंद्राच्या वाटेला लावलं ३.९ टनांचं यान. त्यातलं लँडरला चंद्रापर्यंत नेणारं प्रोपल्शन मॉड्यूल दोन टनांहून थोडं जास्त, आणि त्यातही जवळपास १.७ टन इंधनच. कांदा सोलत जावं तसं सोलत गेलं की शेवटी हातात केवढंसं राहतं. चंद्रावर फिरलेला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. आमच्याकडं सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं.

हे असं का होतं ते मी नातवाला टँकरवरून समजावलं. समज, मिरजेहून लातूरला पाणी आणायचंय आणि वाटेत एकही पेट्रोलपंप नाही. जाण्यायेण्याचं सगळं डिझेल निघतानाच पाठीवर घ्यायचं. मग ते डिझेल वाहायला आणखी डिझेल. गाडी मोठी करावी तर तिच्या वजनाला पुन्हा डिझेल. नातू म्हणाला, "आजोबा, मग पाणी कुठं ठेवायचं?" हाच तो प्रश्न. १९०३ साली रशियातल्या त्सिओलकोव्स्की नावाच्या शाळामास्तरांनी तो सूत्रात बांधून ठेवला, आणि एकशेवीस वर्षांत कुणाला त्यातून पळवाट सापडलेली नाही. पळवाट नाही, पण वाटेत पंप उभा करता येतो.

जमिनीवरून पृथ्वीच्या कक्षेत पोचणं हीच खरी चढण. तिथं पोचेपर्यंत सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग कमवावा लागतो आणि त्यात रॉकेटचा जीव जातो. कक्षेतून पुढं चंद्राकडं निघायला त्यावर साधारण ३.१ किलोमीटरचीच भर लागते. म्हणजे घाट चढून आल्यावर माथ्यावरच टाकी पुन्हा गच्च भरता आली, तर तेवढ्याच गाडीतून कितीतरी जास्त सामान पुढं जाईल. यानाला रिकाम्या टाकीनं वर जायची मुभा मिळेल. इंधन मागाहून, खेपा करून.

खेपा म्हटलं की मला २०१६ चा एप्रिल आठवतो. मांजरा धरणानं धनेगावला तळ दाखवला होता. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं. राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये तेलाच्या वाघिणी वाफेनं धुऊन काढल्या. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली. 'जलदूत' हे नाव पेपरात गाजलं, पण पेपरात जे आलं नाही ते असं, की गाडी धावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता. मिरजेला वाघिणी भरायच्या कशा, लातूरला उतरवायच्या कशा, स्टेशनाजवळ साठवायचं कुठं, तिथून हरंगूळच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायचं कसं आणि पुढं शहरात टँकरनं वाटायचं कसं, यात सगळ्यांची झोप गेली. पाचेक लाख लोकांचं शहर, आणि त्याचा श्वास रबरी नळ्यांच्या जोडांवर. मी त्या दिवसांत रात्री बारा-बारापर्यंत तिथं होतो. पहिल्या गाडीच्या वाघिणीला नळी लावली तेव्हा जोडाला कान लावून ऐकलं. हवा असली तर फसफसतं, पाणी असलं तर घुमतं. घुमलं, तेव्हा चहा प्यायलो. त्या गर्दीत बदलून बाजूला टाकलेलं एक पितळी कपलिंग मी उचलून घरी आणलं. अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

अंतराळातली गोष्ट मी याच नजरेनं वाचतो, आणि मग रॉकेट किती उंच याच्याशी मला फारसं देणंघेणं उरत नाही.

या कामाला सुरुवात होऊन फार वर्षं झाली. १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचं प्रोग्रेस हे मालवाहू यान साल्यूत-६ या अंतराळ स्थानकाला जाऊन भिडलं आणि नंतर नळीतून इंधन स्थानकाच्या टाकीत गेलं. तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या गल्लीत नळही आलेला नव्हता. युक्ती बघण्यासारखी आहे. आधी स्थानकाच्या टाकीतला नायट्रोजन कॉम्प्रेसरनं परत बाटल्यांत कोंबायचा, म्हणजे टाकीतला दाब उतरला. मग टँकरच्या बाजूनं दाब देऊन इंधन ढकलायचं. २००७ मध्ये अमेरिकेनं ऑर्बिटल एक्स्प्रेस मोहिमेत एका उपग्रहातून दुसऱ्यात हायड्राझिन हे इंधन सोडून दाखवलं, जवळ माणूस नसताना. २०१७ मध्ये चीनचं तियानझोऊ-१ हे मालवाहू यान त्यांच्या तियानगोंग-२ या अंतराळ प्रयोगशाळेत इंधन ओतून आलं. मार्च २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिपनं उड्डाणात स्वतःच्याच एका टाकीतला द्रव ऑक्सिजन दुसऱ्या टाकीत नेऊन बघितला. नासाच्या चंद्रमोहिमेसाठीचं स्टारशिप कक्षेत भरायला टँकरच्या दहाहून जास्त खेपा लागतील असं म्हणतात, आणि त्यावरून तिकडं बरीच टीका चालू असते. मला टीकाकारांचं म्हणणं पटतं आणि पटतही नाही. दहा खेपांत एक गाडी पंक्चर होणारच. वेळापत्रक त्या पंक्चरसकट आखायचं असतं, आम्ही तेच करायचो.

आणखी एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. इंटेलसॅट-९०१ नावाचा दळणवळण उपग्रह २००१ साली गेलेला. बाकी सगळं ठणठणीत, इंधन संपत आलेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ हे यान जाऊन त्याला चिकटलं आणि पुढची काही वर्षं त्यालाच पाठीवर घेऊन हिंडलं. इंधन नाही भरलं. भरणार कुठून? उपग्रहाला इंधन भरायचं तोंडच ठेवलेलं नव्हतं, साधा कडी-कोयंडा नव्हता. म्हणून एमईव्हीनं आपला दांडा त्याच्या इंजिनाच्या नरसाळ्यात घालून आतून पकड घेतली. हे म्हणजे टँकर बंद पडला म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेणं झालं. बनवणाऱ्यानं १९ वर्षांपूर्वी एक झाकण ठेवलं असतं तर!

इथवर माझा अनुभव पुरतो. याच्या पुढं पुरत नाही, कारण वर पाणी खाली पडत नाही.

टँकरचा कॉक तळाशी असतो, यात काही अक्कल आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पाणी खाली येतं, म्हणून कॉक खाली. कक्षेत 'खाली'च नाही. अर्धी भरलेली टाकी तिथं नेली की द्रव भिंतींना चिकटून बसतं आणि मधे वायूचा फुगा तरंगतो, किंवा द्रवाचेच गोळे होऊन हिंडत राहतात. कॉक उघडल्यावर इंधन येईल की नुसता वायू, याचा भरवसा नाही. आणि इंजिनाला चुकीच्या वेळी वायूचा घोट लागला तर ते खोकून बंद पडतं. यावर तीन-चार उपाय लोकांनी काढलेत. टाकीत लवचीक पडदा घालायचा आणि त्याच्या मागून वायूनं दाबायचं, टूथपेस्टची ट्यूब दाबावी तसं. किंवा टाकीत बारीक जाळ्या आणि पात्या बसवायच्या. समईची वात जशी तेल ओढत वर नेते, तशा त्या पात्या द्रवाला धरून कॉकपर्यंत आणतात. किंवा बारक्या इंजिनांनी यानाला हलकासा रेटा देत राहायचं. एसटी सुटली की उभी माणसं मागं जातात, तसं द्रव टाकीच्या मागच्या टोकाला जाऊन बसतं, आणि तेवढ्या वेळात काम उरकायचं.

त्यात दोन जातीची इंधनं. एक, नेहमीच्या तापमानाला राहणारी, हायड्राझिनच्या घराण्यातली. विषारी आहेत पण उडून जात नाहीत. दुसरी थंडगार. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो, मिथेन उणे १६१ ला, हायड्रोजन तर उणे २५३ ला. आपली सगळी कारकीर्द क्रायोजेनिक, म्हणजे अशा थंडगार इंधनाच्या, इंजिनांवर गेली, आपल्याला हे आकडे मी सांगणं म्हणजे गुरवाला देवळाची वाट दाखवणं. पत्र खुलं आहे म्हणून बाकीच्यांसाठी लिहितोय. जोरकस मोहिमांना थंडगार इंधनच लागतं आणि तेच टिकत नाही. एका अंगाला ऊन, खालून पृथ्वीची धग. टाकी कितीही गुंडाळा, थोडंथोडं उकळत राहतं आणि वाफ सोडून द्यावी लागते. नासानं आरआरएम-३ नावाचं यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये अंतराळ स्थानकावर पाठवलं होतं, ४२ लिटर द्रव मिथेन घेऊन. चार महिने त्यातला थेंब वाया गेला नाही. मग थंड ठेवणारी यंत्रणाच बिघडली आणि सगळं मिथेन बाहेर सोडून द्यावं लागलं. दुसऱ्या टाकीत ओतायचा प्रयोग राहूनच गेला. बेचाळीस लिटर! तीन हंडे. पण ते राखायला किती जिवाचा आटापिटा करावा लागला असेल, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. नाथसागराचं पाणी उन्हाळ्यात आभाळ किती पितं ते आम्ही दरवर्षी बघतो. आणि खेपेला उशीर झाला तर काय होतं तेही. गळक्या गावटाकीत पहिली खेप ओतलेली, दुसरी दोन दिवस आली नाही, की पहिलीचाही हिशोब शून्य.

राहिला मोजमापाचा प्रश्न. माझ्या लेखी हा सगळ्यात अवघड. टँकरमध्ये किती पाणी आहे हे आम्ही वरून मापकाठी घालून बघायचो. वर काठी कशात घालणार? पृष्ठभागच नाही. पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपात देवानं गोदावरीच्या कावडी वाहून तो भरला अशी श्रद्धा. नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक त्यात घागरी ओततात. कितव्या घागरीला भरेल, कुणी सांगू शकत नाही. भरून वाहिला की देव येऊन आपली घागर ओतून गेला, असं मानतात. मी लहानपणी आईबरोबर ओळीत उभा राहून एक तांब्या ओतलाय. आत वाकून बघितलं होतं, अंधार होता. कक्षेतला इंधनसाठा माझ्या डोळ्यांपुढं येतो तो त्या रांजणासारखा. ओतणारे अनेक, येणारे वेगवेगळ्या दिवशी, आणि आत किती झालं हे अंदाजानं. फरक एवढाच की इथं भरून वाहिलेलं चालणार नाही.

आता घरातलाच एक आक्षेप. माझी बायको पत्राचा कच्चा मसुदा वाचून म्हणाली, "इथं अजून आठ दिवसांनी नळ येतो आणि तुम्ही चंद्रावरच्या टाक्या भरायला निघालात." तिनं २०१६ मध्ये पहाटे तीनला रांगा लावल्यात, तिला बोलायचा अधिकार आहे. मी तिला एवढंच सांगितलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत टँकरच्या निम्म्या खेपा कागदावर व्हायच्या की काय, अशी स्थिती होती. कोणत्या तालुक्यात, ते जाऊ दे. टँकरना जीपीएस लागलं आणि नकाशावर टिंब दिसायला लागलं, तेव्हा माझं भांडण निम्मं झालं. ते टिंब वरून येतं, आणि वरच्या त्या उपग्रहांनासुद्धा जागेवर राहायला इंधन लागतं. यंत्र धडधाकट असताना केवळ टाकी सुकली म्हणून ते टाकून द्यायचं, हे ज्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालतात त्या घरात कुणाला पटावं? ती म्हणाली, "बरं, लिहा." पटलं असं नाही म्हणाली.

तर माझं मागणं.

स्पेडेक्समध्ये आपण जोडलेल्या उपग्रहांतून एकातून दुसऱ्यात वीज नेऊन दाखवलीत, एप्रिल २०२५ मध्ये. आता द्रव न्या. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी मंजूर केलेत. त्यात दोन उड्डाणांनी पाच भाग वर जाणार आणि कक्षेत जोडले जाणार. २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक, २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, ही उद्दिष्टं देशापुढं आहेत. स्थानकाला इंधन लागणारच आहे आणि माणूस चंद्रावरून परत आणायचाय. तीस टन वाहणारं नवं रॉकेटही मंजूर आहे. येऊ द्या, पण नुसत्या मोठ्या टँकरवर विसंबू नका, मोठा टँकर एक वाईट ओढा लागला की सगळं गाव तहानलेलं ठेवतो. एलव्हीएम-३ आज हाताशी आहे आणि खालच्या कक्षेत एका खेपेला आठेक टन नेतो. कक्षेत रांजण असेल तर त्याच्या खेपा वाया जाणार नाहीत.

प्रयोग मोठा नको. स्पेडेक्सएवढेच दोन उपग्रह आणि दहा लिटर. हवं तर पहिल्यांदा साधं पाणी घ्या, सांडलं तरी कुणाला बाधणार नाही. एका टाकीतून दुसरीत, मग परत, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी किती गेलं, किती पोचलं, किती मधल्या नळीत राहिलं याचा हिशोब जाहीर करा. मग विषारी इंधन. थंडगार सगळ्यात शेवटी. मात्र पहिल्या प्रयोगाचं वर्ष आजच सांगा. तारीख नसलेलं काम कुठल्या फायलीत जातं हे आपण दोघंही सरकारी माणसं जाणतो.

आणि याहून आधी, आजपासूनच, जो उपग्रह वर जाईल त्याला इंधन भरायचं तोंड ठेवा. आज भरणारा कुणी नसला तरी ठेवा. माप एकच ठरवा आणि त्याचं ड्रॉइंग सगळ्यांसाठी खुलं करा. माझा भाचा वाळूजला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर असतो. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग काढतो, केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला तर अख्खा लॉट परत येतो म्हणून सांगतो. त्याला मी विचारलं, असा व्हॉल्व्ह काढशील का, जो निर्वातात हजार वेळा उघडेल, मिटेल आणि थेंब गाळणार नाही? तो म्हणाला, "मामा, आधी ड्रॉइंग आणा." बरोबर आहे त्याचं. औंढा नागनाथला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहतेय, चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांची. म्हणजे गळती शोधण्याचं अव्वल काम मराठवाड्यात येतंच आहे. वाळूज, जालना, लातूरच्या पोरांना त्याच हातानं तुमचे जोड करू द्या. सगळे पास होणार नाहीत. दहा वर्कशॉपांनी केले, त्यातला एक टिकला, तरी पुष्कळ.

पत्राची मूळ प्रत स्पीड पोस्टानं पाठवतोय. सोबत एक पुडकं आहे, ते सुरक्षावाल्यांनी उघडलं तर घाबरू नये म्हणून इथंच सांगतो. त्यात ते २०१६ चं पितळी कपलिंग आहे. एका बाजूचे तीन आटे झिजलेत. घाईत तिरकं लागलं आणि तसंच आवळलं गेलं, त्याची ती खूण. आत रबराचा वायसर होता, तो कडक होऊन तुटून गेला. माझ्या टेबलावरचे कागद आता फुलपात्रानं दाबतोय. कपलिंग आपल्या त्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या पोरांच्या टेबलावर ठेवा. वायसर तेवढा नवा घालून घ्यावा लागेल.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता (पाणीपुरवठा), लातूर